कोथरूडहून वारज्याला: जवळच्या शिफ्टिंगबद्दल एका टेम्पोवाल्याचं उत्तर

एका ताईंचा प्रश्न आहे. कोथरूडमध्ये डहाणूकर कॉलनीजवळ त्यांची तीन मजली, बिनलिफ्टची जुनी इमारत. अठरा बिऱ्हाडं. पुनर्विकासाचं ठरलं, दीड महिन्यात घर रिकामं करून द्यायचंय. वारज्यात सातव्या मजल्यावर दोन बेडरूमचं घर भाड्यानं मिळालंय. घरात नवरा-बायको, दहावीतला मुलगा, सासूबाई आणि ७९ वर्षांचे सासरे. त्या लिहितात, "जेमतेम पाच किलोमीटर अंतर आहे. शेजारी म्हणतात, छोटा हत्ती बोलवा, तीन-चार फेऱ्या मारा, बारीकसारीक स्कूटरवरून न्या. पॅकर्सवर पैसे घालवायची खरंच गरज आहे का? आणि सासऱ्यांच्या सागवानी कपाटाचं काय करायचं? ते त्यावरून हट्टाला पेटलेत."

ताई, मी कोथरूड-कर्वेनगर भागात सव्वीस वर्षं लोकांची घरं हलवतोय. सुरुवात वडिलांच्या एका टेम्पोवर झाली, आज तीन गाड्या आणि हाताखाली कामाला अकरा पोरं आहेत. बंगळूर-नागपूरची कामंही केली, पण घर चाललं ते ह्या चार-पाच किलोमीटरच्या कामांवर. आणि सगळ्यात जास्त फुटाफूट, नवरा-बायकोची भांडणं, रात्री साडेअकराला रिकाम्या गॅसपुढं बसलेली माणसं पाहिली तीही ह्याच कामांत. लांब जाणारा माणूस घाबरलेला असतो, म्हणून महिनाभर आधीपासून बांधायला घेतो. जवळ जाणारा म्हणतो, "इथंच तर जायचंय." तिथंच सगळं फसतं.

आमच्या धंद्याचा हिशोब आधी सांगतो. तुम्ही अंतराचे पैसे देत नाही, उचलण्याचे देता. तुमचा मिक्सरचा खोका तिसऱ्या मजल्यावरून जिन्यानं खाली येणार, गाडीत चढणार, गाडीतून उतरणार, लिफ्टपर्यंत जाणार, वर जाऊन ओट्यावर बसणार. हे सगळं वारज्याला जायचं असो की नागपूरला, तेवढंच. जवळच्या कामात डिझेल म्हणजे एकूण बिलातला चहापाण्याचा भाग. त्यामुळं "जवळ आहे म्हणून स्वस्त" असं फारसं होत नाही, आणि फेऱ्या वाढवल्या तर उलट महाग पडतं. छोटा हत्ती साधारण पाऊण टन वाहतो, मागचा हौदा सातेक फूट लांब. तुमच्या वर्णनावरून निदान चार फेऱ्या होतील. प्रत्येक फेरीला भरायचं, बांधायचं, ताडपत्री टाकायची, सोडायचं. गाडी गेली की वरची पोरं मोबाईल बघत बसणार आणि त्यांची हजेरी तुमच्या खिशातून जाणार. माझ्या मतानं तुम्हाला चौदा फुटी गाडी एका खेपेत किंवा ४०७ (टाटाचा तिच्याहून लहान टेम्पो) दोन खेपांत, आणि चार माणसं. गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लागत असतील तर चौदा फुटी आत वळणार नाही, मग ४०७च घ्या. आदल्या दिवशी संध्याकाळी गल्लीत उभं राहून बघा, कारण दुपारी रिकामी दिसणारी गल्ली रात्री आठला वेगळीच असते.

स्कूटरचं तर नावच काढू नका. गेल्या वर्षी एका जोडप्यानं "रोज थोडं थोडं" नेलं. तीन आठवडे ते दोन घरांत राहत होते. मिक्सर इकडे, त्याचं भांडं तिकडे. काखेत कळसा नि गावाला वळसा. शेवटी मला बोलावलं तेव्हा दोन्हीकडे अर्धवट उघडी खोकी, आणि बाई म्हणाल्या, "दादा, आता जे दिसेल ते उचला." स्कूटरवरून न्यायच्या वस्तू वेगळ्या आहेत, त्यांच्याकडे नंतर येतो.

आता माळा. घर बघायला गेलो की मी हॉल बघत नाही, आधी मान वर करतो. १९८०-९०च्या सुमाराच्या पुण्यातल्या इमारतींमध्ये स्वयंपाकघरावर, बाथरूमवर, पॅसेजवर माळे आहेत आणि लोक फोनवर सांगताना त्यांना विसरतात. पंचवीस-तीस वर्षं राहिलेल्या घरात निम्मं सामान वर असतं. मोठी पातेली, कल्हईची पिंपं, पापड-कुरडयांचे डबे, गणपतीचं मखर, मुलाचा पाळणा, दिवाळीचा आकाशकंदील, बंद पडलेल्या टेबलफॅनची जाळी, जुन्या टीव्हीचा रिकामा खोका. (तो खोका कुणीच टाकत नाही. का, हे मला आजवर कळलेलं नाही.) माझं स्वतःचं फसलेलं एक काम सांगतो. तेव्हा घर बघायला न जाता फोनवरच भाव द्यायचो. "एक बेडरूम, थोडंच सामान" असं ऐकून भाव दिला. सकाळी गेलो तर तीन माळे गच्च. फेऱ्या वाढल्या, संध्याकाळचे सहा वाजले, नव्या सोसायटीत सहानंतर सामानाला लिफ्ट बंद. पाचव्या मजल्यापर्यंत फ्रिज जिन्यानं नेला, वळणावर कठड्याला घासला आणि दाराला हा एवढा पोचा आला. दोष माझा होता, भरपाई मी दिली. त्या दिवसापासून माळा न बघता भाव देत नाही, आणि तुम्हीही न बघता भाव देणाऱ्याला काम देऊ नका.

म्हणून पहिला आठवडा फक्त माळ्याला द्या. तीन ढीग करा: वारज्याला न्यायचं, तीन वर्षं कुठं तरी ठेवायचं, द्यायचं किंवा विकायचं. पुनर्विकासात मधला ढीग फार महत्त्वाचा, कारण तुम्ही कायमचं जात नाही, परत येणार आहात. मखर आणि पाळणा कुणा नातेवाइकाच्या बंगल्यात, गावच्या घरात ठेवता आलं तर बघा. भाड्याच्या घराला माळे नसतात, आणि माळ्यावरचं सामान खाली आलं की ते बेडरूम खाऊन टाकतं. रद्दीवाल्याला, भंगारवाल्याला शेवटच्या दिवशी बोलवू नका, त्या दिवशी तो म्हणेल तो भाव. कचऱ्यासाठी येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना आधीच विचारून ठेवा, जुन्या गाद्या-उशा एकदम खाली आणून टाकल्या तर त्या तशाच जिन्याखाली पडून राहतात.

भरण्याबद्दल थोडक्यात. पुस्तकांना लहानच खोका, तुम्हाला स्वतःला उचलता येईल एवढा. तळ फाटणाऱ्या दहा खोक्यांतली नऊ पुस्तकांची असतात. कपड्यांना खोका लागतच नाही, जुन्या चादरीत गाठोडी बांधा, गाठोडं कुठंही कोंबता येतं आणि काचेच्या वस्तूंना आधार देतं. वाण्याकडून आणलेली खोकी घ्यायची तर उघडून झटकून दोन दिवस उन्हात ठेवा, नाहीतर सामानाबरोबर झुरळंही भाड्याच्या घरात राहायला येतील. खोक्याच्या वरच्या बाजूला लिहू नका, एकावर एक रचले की ते दिसत नाही. बाजूच्या अंगाला लिहा. आणि जुन्या घरातली खोली लिहू नका, नव्या घरातली लिहा. "आईंची खोली, ८४ पैकी १७". आकडा लिहिला की उतरवताना मुलगा दारात उभा राहून टिक मारू शकतो. दहावीतल्या पोराला एवढं काम द्याच, नाहीतर तो मोबाईल घेऊन जिन्यात बसतो आणि पोरांना त्याला ओलांडून जावं लागतं.

स्वयंपाकघर मात्र आमच्या पोरांवर पूर्ण सोडू नका. ताटं-वाट्या, कुकर, पातेली आम्ही भरू. धान्याचे डबे आहेत तसेच, झाकणाला चिकटपट्टी मारून. पण लोणच्याची बरणी आमच्याकडे देऊ नका. एकदा कैरीच्या लोणच्याची चिनीमातीची बरणी चांगली बबलमध्ये गुंडाळून, खोक्यात घालून, "सांभाळून" असं लिहून गाडीत ठेवली होती. पौड रोडवर एका स्पीडब्रेकरला तडा गेला. घरी पोचेपर्यंत तेल खोक्यातून खाली, खालच्या गादीतून आणखी खाली, आणि सगळ्यात तळाशी लग्नाचा अल्बम. अल्बममधल्या नवरदेवाच्या अंगावर आजही हळदीचा डाग आहे, आणि तो हळदी समारंभाचा नाही. लोणचं, तुपाचा डबा, तेलाचा कॅन, देव हे सगळं माणसाच्या मांडीवर जातं. तुमच्या शेजाऱ्यांची स्कूटर इथं कामाला येईल.

देवांचं तुम्हाला मी सांगायला नको. बहुतेक घरांतून आदल्या दिवशी किंवा पहाटे देव, पाण्याचा कलश, हळद-कुंकू, मीठ-तांदूळ नव्या घरी पोचवतात, ओट्यावर दूध उतू घालतात. ते करायला जाल तेव्हा हातासरशी गॅस पेटतोय का, नळाला पाणी येतंय का, संडासचा फ्लश चालतो का हेही बघून घ्या. वारज्याच्या त्या इमारतीत पाइपचा गॅस असेल तर तुमची सिलिंडरची शेगडी तशीच चालणार नाही, तिच्या जेट बदलाव्या लागतात. मेकॅनिकला दोन दिवस आधी बोलवा. सिलिंडरच असेल तर एकाच शहरात एजन्सी बदलताना सिलिंडर नि रेग्युलेटर परत द्यावा लागत नाही, फक्त नोंद बदलते. सिलिंडर गाडीत उभाच ठेवायचा, तोंडावर टोपी लावून, सगळ्यात शेवटी चढवून सगळ्यात आधी उतरवायचा.

मशीनचं. फ्रिज आदल्या रात्री बंद करून पुसून कोरडा करा, आडवा करू देऊ नका, पोचल्यावर तीन-चार तास तसाच राहू द्या आणि मग चालू करा. समोरून उघडणारं वॉशिंग मशीन असेल तर ते घेताना मागं लांब बोल्ट होते, ड्रम धरून ठेवणारे. ते लावल्याशिवाय मशीन हलवलं की ड्रम आत आपटत जातो, आणि नव्या घरी पहिल्या स्पिनला मशीन मोरीभर नाचतं. ते बोल्ट सापडत नसतील तर माळा उतरवताना शोधा, बहुतेक टीव्हीच्या त्या रिकाम्या खोक्यात सापडतील. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच ठेवायची, तिचं ॲसिड सांडलं तर लोणच्याचं तेल बरं म्हणायची पाळी येईल. एसी काढायला-लावायला आमच्या पोरांना सांगू नका, मेकॅनिक वेगळा बोलवा आणि भिंतीला भोक पाडायच्या आधी घरमालकांना विचारा, नाहीतर ते भोक डिपॉझिटमधून वजा होतं.

आता सासऱ्यांच्या कपाटाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात ते एका ओळीत आलं असलं तरी घरात ते एका ओळीचं नसणार.

त्या काळच्या पुण्यातल्या घरांत फर्निचर दुकानातून यायचं नाही. सुतार घरी यायचा, दोन-दोन महिने बाल्कनीत रंधा मारायचा, आणि कपाट खोलीतच उभं राहायचं. ते दारातून आत आलेलंच नाही, मग बाहेर कसं जाणार? टेप घ्या. कपाटाची उंची, रुंदी, खोली मोजा. मग दाराची चौकट, जिन्याच्या वळणाची रुंदी, नव्या घरच्या लिफ्टची आतली उंची आणि कर्ण. कपाट कुठं अडेल ते कागदावरच कळेल. सागवानी चौकटीचं, खिळ्यांऐवजी खाचा-सांध्यांचं काम असेल तर जुना सुतार ते अर्ध्या दिवसात खोलतो आणि तिकडे जोडतो, लाकूड अजून पन्नास वर्षं टिकेल. तुमच्या बेडरूममधलं अलीकडचं भुशाच्या बोर्डाचं वॉर्डरोब असेल तर उलट सांगेन. ते एकदा जोडलं की स्क्रूची भोकं ढिली होतात, खोलून परत जोडलं की दारं लोंबकळतात. पैसे वाचवायचे तर ते सोडा आणि सासऱ्यांचं न्या. लोक नेमकं उलटं करतात, नवं दिसतं म्हणून बोर्डाचं नेतात आणि सागवान भंगारात देतात. आणि बिल्डरबरोबरच्या करारात जुनी दारं, खिडक्यांचे गज, ग्रॅनाइट कोणाचं, हे वाचून घ्या. काही करारांत ते सभासदांनी काढून न्यायचं असतं, काहींत इमारतीबरोबर पाडणाऱ्या ठेकेदाराला जातं. सागवानी दाराची चौकट पाहिली की ठेकेदाराचे डोळे कसे चमकतात ते मी बघितलंय.

पण हट्ट कपाटाचा नसावा, असं मला वाटतं. दहा-बारा वर्षांपूर्वी नवी पेठेतून कर्वेनगरला एक घर हलवलं. आजोबा ऐंशीच्या पुढचे. आम्ही सकाळपासून उचलत होतो आणि ते हॉलमध्ये खुर्चीत बसून होते. एकेक वस्तू जात होती. शेवटी हॉलमध्ये ते, खुर्ची आणि भिंतीवरचं चावीचं घड्याळ. पोरानं घड्याळ काढायला हात घातला, तर म्हणाले, "ते मी घेतो." गाडीत माझ्या शेजारी बसले, घड्याळ मांडीवर, आणि लकडी पुलापासून कर्वेनगरपर्यंत ते टिकटिकत होतं. नव्या घरी पोचलो तर कुठं बसायचं तेच त्यांना कळेना, सगळीकडे खोकी. तेव्हा माझ्या एका पोरानं न विचारता ड्रिलमशीन काढलं, भिंतीला खिळा मारला आणि घड्याळ लावलं. आजोबा त्याच्याखाली खुर्ची टाकून बसले आणि चहा मागितला. तेव्हापासून म्हाताऱ्या माणसांचं घर असेल तर आमच्याकडे एक पद्धतच आहे. त्यांची खोली जुन्या घरात सगळ्यात शेवटी उचलायची आणि नव्या घरात सगळ्यात आधी लावायची.

म्हणजे काय करायचं? सासऱ्यांना त्या दिवशी सकाळी आठच्या आत कुणा नातेवाइकाकडे पाठवा, सासूबाईंसकट. दिवसभर धूळ, दोरखंड, आरडाओरडा ह्यांत ७९ वर्षांच्या माणसाला बसवून ठेवू नये. संध्याकाळी ते येतील तेव्हा त्यांचा पलंग जुन्या घरात भिंतीच्या ज्या बाजूला होता त्याच बाजूला हवा. रात्री उठल्यावर पाय ज्या बाजूला पडायचे त्याच बाजूला पडले पाहिजेत, आणि बाथरूमकडे जाताना हात टेकायला काहीतरी हवं. बाथरूममध्ये दांडा आधीच बसवून घ्या, पॅसेजमध्ये रात्रीचा छोटा दिवा लावा. पहिल्या आठवड्यात म्हातारी माणसं पडतात ती अंधारात जुन्या घराचा नकाशा पायांत घेऊन चालल्यामुळं. औषधांची पिशवी, चष्मा, दातांची डबी हे कुठल्याही खोक्यात नाही, सासूबाईंच्या हातात. सदऱ्याच्या खिशात नव्या पत्त्याची नि तुमच्या नंबराची चिठ्ठी. रिक्षात बसले आणि सवयीनं "डहाणूकर" म्हणाले तर रिक्षावाला तिथंच नेणार.

जवळ जाण्याचा खरा फायदा इथंच आहे, सामानात नाही. त्यांचा डॉक्टर, औषधवाला, संध्याकाळचा कट्टा, त्यांची बँक ह्यांतलं काहीच बदलायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा त्यांना कोथरूडला नेऊन सोडा. पेन्शनचं खातं वारज्याच्या शाखेत हलवू नका, नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. आणि शिफ्टिंगच्या आधी निदान दोनदा त्यांना नव्या घरात नेऊन तासभर बसवा. बंगळूरला जाणाऱ्याला हे करता येत नाही, तुम्हाला येतं. आपली खिडकी कुठली हे त्यांनी स्वतः ठरवलं की कपाटाचा हट्ट निम्मा होतो. उरलेल्या निम्म्यासाठी सुतार.

कागदांचं थोडं. तो माझा प्रांत नाही, पण लोकांना दुसऱ्यांदा शिफ्ट करावं लागतं ते बहुतेक कागदामुळंच. भाडेकरार अकरा महिन्यांचाच करायचा असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मग छत्तीस महिन्यांचाच का करू नये? इमारत उशिरानं उभी राहते, आणि अकराव्या महिन्यात घरमालकानं भाडं वाढवलं की तुम्ही परत मला फोन करता. मुद्रांक शुल्काची भीती बाळगू नका. समजा भाडं पंचवीस हजार, डिपॉझिट एक लाख, मुदत ३६ महिने. भाड्याचे ९ लाख, डिपॉझिटवर दरसाल १० टक्के धरून तीन वर्षांचे ३० हजार, एकूण ९ लाख ३० हजारांवर ०.२५ टक्के, म्हणजे २,३२५ रुपये. शहरी हद्दीत नोंदणीचे १,००० वेगळे. मालकांनी मधेच बाहेर काढू नये म्हणून मुदतीची अट त्यात नीट लिहून घ्या. कराराची प्रत सोसायटीला लागेल, आणि भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन नोंदवल्याची पावतीही. दोन्ही घरांच्या वीजमीटरचा फोटो शिफ्टिंगच्या दिवशी काढा, आकडा स्पष्ट दिसेल असा. इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, पुनर्विकासाचा करार आणि सोनं हे सगळं आधीच लॉकरमध्ये. आम्ही प्रामाणिक आहोत, पण सोन्याचा डबा आम्हाला दाखवूच नका. पुढं कधी तो सापडेनासा झाला तर तुमच्या मनात पहिलं नाव आमचं येईल, आणि त्यावर आमच्याकडे काही इलाज नसतो.

नव्या सोसायटीच्या सेक्रेटरींना चार गोष्टी विचारा: सामानाची वेळ कुठली, कुठली लिफ्ट, रविवारी चालतं का, आणि शिफ्टिंगचे काही पैसे किंवा अनामत आहे का. सातवा मजला आहे, लिफ्ट बंद तर दिवस बंद. म्हणूनच गुरुवार टाळा. पुण्यात पाण्याची आणि विजेची देखभालीची कामं बहुतेक गुरुवारीच निघतात. एकदा दुपारी दोनला वीज गेली आणि बाराव्या मजल्याचं अर्धं बिऱ्हाड चार तास तळमजल्यावर रस्त्याकडेला मांडून ठेवलं होतं. येणारे-जाणारे सोफ्याचा भाव विचारत होते. महिनाअखेरीचा शनिवार-रविवारही नको, त्या दिवशी आमचेही भाव चढलेले असतात आणि पोरं दमलेली. पितृपक्षात लोक हलत नाहीत म्हणून गाड्या रिकाम्या असतात, भाव खाली येतो. तुमच्या घरी चालत असेल तर बघा. सासूबाईंना विचारून मगच, हं.

पावसाळ्यात तारीख येत असेल तर ताडपत्रीचं नुसतं तोंडी आश्वासन घेऊ नका, ती बघा. भोकं असतात. कुंड्यांना दोन दिवस आधी पाणी घालणं बंद करा, माती हलकी होते, तुळस मरत नाही.

आणि भाव ठरवताना कागदावर घ्या: माळा धरून का, फर्निचर खोलणं-जोडणं धरून का, खोकी कोणाची, किती माणसं. आगाऊ दहा-पंधरा टक्क्यांच्या वर देऊ नका, उरलेले सामान उतरल्यावर. अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवून जास्त पैसे मागणारे आहेत, आणि ते नेमके सगळ्यात कमी भाव देणारे असतात. 'इन्शुरन्स'च्या नावानं काही टक्के मागितले तर पॉलिसीचा कागद मागा. कागद नसेल तर तो इन्शुरन्स नाही, वरकमाई आहे. कुठं गेटवर चार जण येऊन "आमची माणसं उतरवतील, नाहीतर वाराई द्या" (म्हणजे न उतरवताच उतरवण्याची हमाली) म्हणाले तर हुज्जत घालू नका, सेक्रेटरींना खाली बोलवा आणि ११२ लावा. बहुतेकदा फोन कानाला लागेपर्यंत गर्दी पातळ होते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण ती केली तर सगळ्यात जास्त पैसे वाचतील. तुम्ही एकट्या जात नाही आहात, अठरा बिऱ्हाडं जाताहेत, आणि मला अनुभव आहे, अठराच्या अठरा शेवटच्या आठवड्यात निघतात. एक जिना, एक गल्ली, सहा टेम्पो, आणि तळमजल्यावरचे आजोबा "माझी गाडी निघू द्या" म्हणून ओरडताहेत. सोसायटीची मीटिंग घ्या, चिठ्ठ्या टाका, दिवसाला एकच घर. एकाच शिफ्टिंगवाल्याला अठरा घरांचं काम एकदम द्या आणि भाव पाडून मागा, आम्ही पाडतो, कारण आम्हाला महिनाभराचं काम एका जागी मिळतं. आधी गेलेल्यांची रिकामी खोकी दुसऱ्या दिवशी पुढच्या घराला. एका सोसायटीत दोनशे खोक्यांवर चौदा घरं हलली, शेवटच्या घरापर्यंत खोक्यांवर आठ-आठ नावं खोडलेली होती. भंगारवालाही एकदाच, सगळ्यांचं तोलून, वजनकाटा तुमच्यापैकी कुणीतरी धरून.

पहिल्या रात्रीसाठी एक बादली वेगळी भरा, खोका नको, बादलीच. तिच्यात चहा-साखर, पातेलं, गाळणं, लायटर, चार कप, एक बल्ब, एक्स्टेन्शन बोर्ड, स्क्रूड्रायव्हर, टॉवेल, साबण, मुलाचा चार्जर. बादली निवडायचं कारण म्हणजे शंभर खोक्यांत ती लगेच दिसते, आणि रिकामी झाली की अंघोळीला लागते.

गाडी सकाळी साडेसातला लावा. आठच्या पुढं तुमच्या भागात शाळेच्या बसेस सुरू होतात. कपाटासाठी सुतार आदल्या दिवशी दुपारी बोलवा, सासरे जेवून झोपलेले असताना नको, जागे असताना. त्यांना समोर खुर्ची टाकून बसू द्या, कुठला सांधा आधी सुटतो ते तेच सांगतील.